माघारीची तरतूद

मोटारसायकलवरून लडाखला जायचे असे एखाद्या मध्यमवर्गीय घरात जाहीर केले, तर "का?" हा प्रश्न फार उशिरा येतो. पहिला प्रश्न येतो तो "किती?" असा. आमच्या घरात तो वरण वाढता वाढता आला. मी चोपन्न वर्षांचा, माझा भाचा सव्वीस वर्षांचा. त्याच्याकडे नवी मोटारसायकल, माझ्याकडे बारा वर्षांची जुनी बुलेट. आणि दोघांच्याही डोक्यात एकच वेड. २०२४ च्या जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही दोघांनी मिळून ते वेड ताटावर मांडले. सौभाग्यवतींनी वरणाची वाटी खाली ठेवली आणि एवढेच म्हटले, "किती लागतील ते वहीत लिहून दाखवा. मग बोलू."

आता आमच्या सौभाग्यवतींनी एका पतपेढीत पंचवीस वर्षे हिशेब सांभाळलेले. त्यांच्यापुढे वही ठेवायची म्हणजे लेखापरीक्षकापुढे उभे राहण्यासारखेच. शिवाय पलीकडे ताई, म्हणजे भाच्याची आई. तिने मला बाजूला घेऊन सांगितले, "तो तुझ्या भरवशावर जातोय. नेतोस तसा आण." पैशाचा हिशेब हिला द्यायचा आणि मुलाचा हिशेब ताईला, अशा दोन खात्यांवर आमची सफर सुरू झाली.

बुलेट आणि हिमालय यांचे नाते काही आजचे नव्हे. १९५४ साली भारत सरकारने सैन्यासाठी साडेतीनशे सीसीच्या आठशे बुलेट मागवल्या, आणि १९५५ पासून मद्रासला त्या जुळवल्या जाऊ लागल्या. पुढे १९६० साली सीमा सडक संघटना स्थापन झाली आणि खेचरांच्या वाटांचे हळूहळू रस्ते झाले. लडाख प्रवाशांसाठी खुला झाला तो १९७४ मध्ये. म्हणजे आपण ज्याला साहस म्हणतो, ते दुसऱ्या कोणीतरी आधी कुदळ-फावड्याने सोपे करून ठेवलेले असते. आपल्याला उरते ते पेट्रोल भरणे आणि हिशेब लिहिणे.

पहिला वाद झाला तो पुण्याहूनच गाडी मारीत जायचे की नाही यावर. भाच्याचा आग्रह, जायचे तर दारापासून चाकावर. मी वही उघडली. पुणे ते दिल्ली साधारण साडेचौदाशे किलोमीटर. चार दिवस, तीन मुक्काम. लिटरला तीस किलोमीटर धरले तर दोन गाड्यांना मिळून सुमारे सत्त्याण्णव लिटर पेट्रोल, म्हणजे शंभराच्या भावाने ९,७०० रुपये. तीन मुक्कामांचे ४,५००, चार दिवसांच्या जेवणाचे ४,०००. एकूण १८,२००. शिवाय जूनमधला राजस्थान! उलट पुणे स्टेशनवर झेलम एक्स्प्रेसमध्ये दोन्ही गाड्या आणि आपण स्वतः बसलो, तर तिकिटांचे चार हजार आणि गाड्यांच्या भाड्याचे, बांधणीसकट, सहा हजार. दहा हजारांत काम, आणि दुसऱ्या दिवशी रात्री दिल्ली. आठ हजार दोनशे रुपये, दोन दिवस आणि माझी कंबर, एवढे सगळे वाचत होते. भाचा म्हणाला, "मामा, पण मग त्यात मजा काय?" मी म्हटले, "मजा मनालीच्या पुढे आहे. ती तिथेच खर्च करू."

जाताना दिल्लीहून मनाली, मनालीहून लेह. परतताना कारगिल, श्रीनगर, जम्मू. आणि जम्मूहून पुन्हा झेलमने पुणे. लेहभोवतीचे फिरणे धरून सुमारे चोवीसशे किलोमीटर. एकोणीस दिवस. मग वहीच्या पानावर खालीलप्रमाणे आकडे पडले. दोन माणसे आणि दोन गाड्यांचे आहेत, हे लक्षात घ्यावे. कुणाला उपयोगी पडले तर आनंदच आहे.

रेल्वेची तिकिटे, जाऊन येऊन — ९,०००
गाड्यांचे रेल्वेभाडे व बांधणी — १४,०००
पेट्रोल, १६० लिटर — १६,०००
मुक्काम, १५ रात्री — २२,५००
जेवणखाण, १९ दिवस — १९,०००
गाड्यांची तयारी — १२,०००
जाकिटे, हातमोजे, पावसाळी कपडे — १४,०००
औषधे, शुल्के व किरकोळ — ३,५००

बेरीज १,१०,०००. गाड्यांच्या तयारीत साखळी, ब्रेक, तेल आणि क्लच नि ॲक्सिलरेटरच्या जादा केबली आल्या. पंक्चरचे सामान, दोन ट्यूब आणि हातपंप आला. ज्या गॅरेजवाल्याने आमची गाडी दहा वर्षे सांभाळली त्याच्याकडे आम्ही दोन रविवार बसून चाक काढायला व बसवायला शिकलो. हा खर्च वहीत नाही, कारण त्याने फक्त चहा घेतला. फोनचीही एक गोम कळली: बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. म्हणून भाच्याने त्याचा क्रमांक पोस्टपेड करून घेतला.

वही घेऊन मी हिच्यापुढे उभा राहिलो. हिने चष्मा लावला, प्रत्येक ओळीवर बोट ठेवले, बेरीज पुन्हा केली आणि विचारले, "आणि माघारीची तरतूद?"

"म्हणजे?"

"अहो, जायचे पैसे आहेत, यायचे पैसे आहेत. मधूनच फिरावे लागले तर? गाडी टेम्पोत घालावी लागली, दोन दिवस कुठे पडून राहावे लागले, तर ते कुठल्या ओळीतून देणार?"

मी म्हटले, तसे काही होणार नाही. त्यावर ही म्हणाली, "पतपेढीत सगळे कर्जदार हेच सांगतात." आणि स्वतःच्या हाताने तिने खाली नववी ओळ लिहिली: माघार — २२,०००. म्हणजे मूळ खर्चाच्या वीस टक्के. शिवाय रजेत दोन दिवस राखीव, आणि परतीचे तिकीट ते दोन दिवस धरूनच काढायचे. एकूण आकडा १,३२,००० झाला. ती ओळ मला अपशकुनासारखी वाटली, हे आज कबूल करतो. जाण्याआधीच परतण्याचे पैसे बाजूला काढायचे!

आणि आता ज्यासाठी हा सगळा लेख लिहायला बसलो ते सांगतो. वहीतला कार्यक्रम मी चार वेळा लिहिला. पहिल्या तीन वेळा त्यात जिस्पा या गावी दोन मुक्काम होते. चौथ्या वेळी भाचा म्हणाला, "मामा, एवढे जाऊन पँगाँग बघायचे नाही?" २००९ च्या 'थ्री इडियट्स' या चित्रपटाच्या शेवटी दिसणाऱ्या त्या निळ्या सरोवराने किती घरांतल्या वह्या बदलल्या असतील कोण जाणे! पँगाँगसाठी एक दिवस हवा होता. मी जिस्पाच्या दुसऱ्या मुक्कामावर काट मारली. एक दिवस मिळाला. भाचा खूष झाला. मीही खूष झालो. हिशेब जुळल्याचा आनंद काही निराळाच असतो.

जूनमध्ये एका संध्याकाळी आम्ही निघालो. पार्सल ऑफिसात टाक्या पूर्ण रिकाम्या कराव्या लागतात. पेट्रोल भरलेली गाडी रेल्वे घेत नाही. भाच्याने आदल्या दिवशीच मोठ्या ऐटीत टाकी भरून आणली होती. ते सगळे पेट्रोल नळीने काढून ताईच्या स्कूटरमध्ये घालावे लागले. हमालांनी गाड्यांना गोणपाटाचे अंगरखे चढवले, पुठ्ठ्यावर नाव-गाव लिहिले, आणि आमच्या दोन वाहनांची दोन बुजगावणी डब्यात चढली. दिल्लीला ती जशीच्या तशी उतरली. तिथून चंदीगडच्या बाजूने दोन दिवसांत मनाली. मनाली सुमारे २,०५० मीटर उंच. तिथे एक दिवस विश्रांती, हे वहीप्रमाणेच.

मनालीच्या पुढे पूर्वी रोहतांग ओलांडावा लागे. आता ३ ऑक्टोबर २०२० पासून त्याच्या पोटातून अटल बोगदा आहे, नऊ किलोमीटरहून थोडा अधिक. या तोंडाला देवदार, हिरवळ, ढग. आणि दहा-पंधरा मिनिटांनी त्या तोंडातून बाहेर पडावे तो लाहौलचे उघडे डोंगर, कोरडी हवा आणि निळे आकाश. एका घरातून दुसऱ्या घरात यावे तसा मुलूख बदलतो.

पुढे तांदी लागते. मोटारसायकलवाल्यांमध्ये हे गाव प्रसिद्ध आहे ते पेट्रोलसाठी. इथल्या पंपाजवळच्या पाटीने पिढ्यान्‌पिढ्या लोकांना धडकी भरवली आहे: पुढचे पेट्रोल ३६५ किलोमीटरवर. आमच्या टाक्या साडेतेरा लिटरच्या; चढावर लिटरला अठ्ठावीस मिळाले तर ३७८ किलोमीटर. म्हणजे पास व्हायला पस्तीस गुण लागतात आणि आपल्याला छत्तीस मिळणार, अशातला प्रकार. म्हणून प्रत्येकी पाच लिटरचा डबा बांधला होता.

पण तांदीला पेट्रोलपेक्षा मोठी एक गोष्ट आहे. बारालाचा खिंडीच्या दोन अंगांनी दोन नद्या निघतात, चंद्रा आणि भागा. त्या वेगवेगळ्या दऱ्यांतून धावत येऊन तांदीला एकमेकींना भेटतात आणि तिथून पुढे नदीचे नाव होते चंद्रभागा. तीच खाली चिनाब. आमच्या घरी पंढरपूरची वारी आजोबांपासून आहे. हिने निघताना एक रिकामी बाटली दिली होती आणि बजावले होते, "ती थोरली चंद्रभागा. तिचे पाणी आणा." मी संगमावर उतरलो, बाटली भरली, झाकण घट्ट लावले. पाणी इतके थंड होते की बोटे दहा मिनिटे परकी वाटत होती.

जिस्पाला, सुमारे ३,२०० मीटरवर, एक रात्र काढली. झोप बरी लागली. सकाळी निघालो. दारचा, झिंगझिंगबार, मग बारालाचा, सुमारे ४,८५० मीटर. दोन्ही बाजूंना जूनमध्येही बर्फाच्या भिंती. माझी कार्बुरेटरची जुनी बुलेट तिथे दमेकऱ्यासारखी धापा टाकू लागली. हवा विरळ झाली की कार्बुरेटरला ते समजत नाही. तो पेट्रोल पूर्वीइतकेच देत राहतो, आणि इंजिन काळा धूर सोडते. भाच्याची नवी गाडी इंधन मोजून घेणारी, ती आपली मजेत चालली होती. भाचा मला मागे टाकून पुढे जाई, थांबून फोटो काढी आणि हसे. "मामा, गाडीला च्यवनप्राश दे!"

संध्याकाळी सरचूला पोहोचलो. सुमारे ४,३०० मीटर. सपाट, रुंद, वाऱ्याचे माळरान; नदीने खोल कापलेले काठ आणि प्रवाशांसाठी ओळीने मांडलेले तंबू. सुंदर जागा आहे. पण तिथली हवा समुद्रकाठच्या हवेच्या साठ टक्क्यांइतकीच दाट. आपण श्वास पूर्ण घेतो आणि तो पूर्ण पोहोचत नाही.

रात्री आठला भाचा म्हणाला, "जेवण नको." रोज सकाळी व्यायामशाळेत जाणारा, एका बैठकीत सहा पोळ्या खाणारा मुलगा तो. नऊला डोके दुखू लागले. गोळी दिली. दहाला उलटी झाली, बारा वाजता पुन्हा झाली. डोके गोळीला दाद देईना. मला मात्र थोडा दम लागण्यापलीकडे काही नव्हते. मागाहून डॉक्टरांनी सांगितले की यात नवल नाही. हा विकार तरुण-म्हातारा, बळकट-अशक्त असा भेद करीत नाही. शरीराला सवय व्हायला वेळ लागतो, आणि कुणाचे शरीर किती वेळ मागेल ते आधी कळत नाही. निघताना सल्ल्याने दोघांनीही प्रतिबंधक गोळ्या घेतल्या होत्या. पण गोळी मदत करते, घाई माफ करीत नाही.

एक वाजता मी विजेरीच्या उजेडात वही उघडली. झोप येत नव्हती म्हणून असेल, नाहीतर हिशेबी माणसाला भीती वाटली की तो हिशेबच उघडतो म्हणून असेल. आमच्या घरच्या डॉक्टरांनी दिलेल्या सूचना पहिल्याच पानावर मी सुवाच्य अक्षरात उतरवल्या होत्या. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये. डोके दुखत असताना आणखी वर जाऊन झोपू नये. औषधाने थांबले नाही तर खाली उतरावे. जिस्पा ३,२००, सरचू ४,३००. अकराशे मीटर! दुपटीहून अधिक. मी रुपयांचा रकाना आखला होता, किलोमीटरचा आखला होता, लिटरचा आखला होता. उंचीचा रकाना आखलाच नव्हता. आणि ज्या एका रात्रीने शरीराला थोडी उसंत दिली असती ती जिस्पाची रात्र मीच, माझ्याच पेनाने, पँगाँगसाठी खोडली होती. ती काट मला विजेरीत स्पष्ट दिसत होती.

सरचूची खरी अडचण नकाशावर बोट ठेवल्याशिवाय कळत नाही. ते दोन चढांच्या मधले ठिकाण आहे. पुढे लेह अडीचशे किलोमीटर, पण मध्ये लाचुंग ला सुमारे ५,०५० मीटर आणि तांगलांग ला सुमारे ५,३०० मीटर. मागे उतरायचे म्हटले तरी आधी बारालाचा चढायचा. म्हणजे खाली जाण्याची वाटही वरूनच जाते. मात्र मागे एकच खिंड, आणि ती ओलांडली की उतार सुरू होतो तो थेट केलांगपर्यंत.

पहाटे भाचा उठून बसला. चेहरा सुजल्यासारखा, ओठ कोरडे. मी त्याला तंबूच्या दारापासून गाडीपर्यंत सरळ चालून दाखवायला सांगितले. तो चालला, तोल गेला नाही. माझा जीव थोडा भांड्यात पडला. पण डोके तसेच होते.

"मामा, आपण पुढेच जाऊ. लेहला पोहोचलो की उतरलोच ना आपण! लेह सरचूपेक्षा खाली आहे."

त्याचे गणित चूक नव्हते. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. त्याला डोकेदुखीतही पँगाँग दिसत होते. आणि खरे सांगतो, मलाही दिसत होते. पाच महिने लिहिलेली वही होती. ऑफिसात सगळ्यांना सांगून झाले होते. पुढे गेलो असतो तर कदाचित काहीच झाले नसते; पुष्कळांना होत नाही. पण "कदाचित" हा शब्द ताईपुढे उच्चारून पाहिला आणि मला तो उच्चारता येईना.

मी म्हटले, "आपण फिरतोय."

"माझ्यासाठी नको, मामा. मी बरा आहे."

"तुझ्यासाठी नाही. माझ्या चुकीसाठी. जिस्पाची रात्र मी खाल्ली, ती परत करायची आहे."

तो काही बोलला नाही. तोंड फिरवून बसला. सव्वीस वर्षांचा मुलगा रडत होता, हे मला त्याच्या पाठीवरून कळले.

तंबूवाला लाहौलचाच. त्याने काही विचारले नाही, फक्त म्हणाला की जायचे तर आत्ताच निघा. दिवस चढला की बर्फ वितळते आणि रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांना पाणी वाढते. भाजी-रेशन उतरवून रिकामी परतणारी एक छोटी मालगाडी त्याने थांबवून दिली. भाच्याची मोटारसायकल तिच्यात उभी बांधली, भाचा चालकाशेजारी बसला, आणि मी माझ्या दमेकरी बुलेटवरून मागोमाग. गाडीवाल्याने केलांगपर्यंतचे साडेसहा हजार मागितले. घासाघीस करायला तोंड उघडले आणि मिटले. नववी ओळ आठवली. ते पैसे कुठल्याही जेवणातून, कुठल्याही पेट्रोलमधून काढायचे नव्हते. ते याच कामासाठी बाजूला ठेवलेले होते. निर्णय घेताना खिशाचा विचार आड आला नाही, हे केवढे उपकार आहेत ते त्या पहाटे कळले.

बारालाचावर माझे लक्ष रस्त्यापेक्षा पुढच्या गाडीच्या काचेकडे अधिक होते. एकदा भाच्याने काच खाली करून हात बाहेर काढला आणि हलवला. तो हात मी जन्मात विसरणार नाही.

केलांगला, ३,०८० मीटरवर, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला तपासले, थोडा वेळ प्राणवायू दिला, आणि आम्हाला सांगितले की उतरलात हेच औषध. संध्याकाळी भाच्याने विचारले, "मामा, इथे वरण-भात मिळेल?" मी बाहेर गॅलरीत जाऊन ताईला फोन लावला. सगळे सांगितले, काही लपवले नाही. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तू जेवलास का?" मग हिला फोन केला. ही म्हणाली, "किती खर्च झाले?" आकडा सांगितला. "मग अजून पुरेसे आहेत. दोन दिवस तिथेच राहा. घाई करू नका."

केलांगच्या त्या दोन दिवसांत आम्ही दोघांनी मिळून वही नव्याने आखली. या वेळी तीन रकाने: किलोमीटर, रुपये आणि झोपायची उंची. डॉक्टरांना दाखवली. त्यांनी लेह या खेपेला नको म्हणून सांगितले. पण आठवडाभराने श्रीनगरच्या बाजूने, सावकाश, कारगिलपर्यंत जायला हरकत नाही म्हणाले. कारण त्या वाटेचा स्वभावच निराळा आहे. श्रीनगर सुमारे १,६००, सोनमर्ग २,७०० च्या आसपास, मग ३,५२८ मीटरची झोजी ला ओलांडायची, पण झोपायचे पलीकडे कारगिलला, पुन्हा २,७०० च्या घरात. पायऱ्या आहेत, उडी नाही. लडाखला प्रथमच जाणाऱ्याने याच बाजूने चढावे आणि मनालीच्या बाजूने उतरावे, हे शहाणपण मला साडेसहा हजार रुपये देऊन मिळाले; वाचकांना या अंकाच्या किमतीत देतो.

मग मनाली, पालमपूर, जम्मू, श्रीनगर, सोनमर्ग, असे एकेक मुक्काम करीत आम्ही झोजी लाला पोहोचलो. चिखल, धूळ, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. याच खिंडीत १ नोव्हेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने रणगाडे चढवले होते. इतक्या उंचीवर रणगाडा येईल असे शत्रूच्या स्वप्नातही नव्हते. आम्हाला दोन मोटारसायकली नेताना घाम फुटत होता! पलीकडे द्रास. १९९९ च्या युद्धाचे स्मारक तिथे आहे. मागे तोलोलिंगचा डोंगर आणि समोर नावे कोरलेल्या शिळा. भाचा त्या नावांपुढे बराच वेळ उभा होता. बहुतेक जण त्याच्याच वयाचे, काही त्याच्याहूनही लहान. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मामा, मी त्या दिवशी उगाच हट्ट करत होतो." मी म्हटले, "हट्ट तुझा होता, काट माझी होती. फिटंफाट."

रात्री कारगिलला झोपलो. लेह तिथून आणखी दोनशेच्या वर किलोमीटर राहिले. सकाळी त्या दिशेचा रस्ता पाहिला, चहा घेतला आणि गाड्या श्रीनगरकडे वळवल्या. एकविसाव्या दिवशी झेलम पुण्याला आली. राखीव दोन्ही दिवस संपले होते.

घरी आल्यावर आंघोळीच्या आधी वही मागितली गेली. बाकीचे रकाने थोडे इकडे थोडे तिकडे होऊन जुळले. नवव्या ओळीतून मालगाडीचे ६,५००, दवाखाना व औषधांचे ७००, दोन जादा मुक्कामांचे ३,००० आणि दोन दिवसांच्या जेवणाचे २,००० गेले. खर्च १२,२००, शिल्लक ९,८००. मी नोटा मोजून टेबलावर ठेवल्या. चंद्रभागेची बाटली हिने आधीच देवापुढे ठेवली होती. ताई भाच्याला जवळ घेऊन, त्याचा काळवंडलेला चेहरा निरखून पाहत होती, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नेलास तसा आणलास हो. थोडा वाळलाय, पण तेवढे चालेल."

हिने शिल्लक पाकिटात घातली, पाकिटावर काहीतरी लिहिले आणि कपाटात ठेवले. मला वाटले, घरखर्चात जमा झाली. परवा दिवाळीच्या आवराआवरीत ते पाकीट हाती लागले. वर लिहिले होते: लेह, श्रीनगरच्या बाजूने. आणि खाली बारीक अक्षरात: माघारीची ओळ वेगळी धरावी.